माळवदावरची माती

शुभवर्तमानात घर बांधणाऱ्या दोघांचा दाखला आहे. एकाने खडकावर बांधले, दुसऱ्याने वाळूवर. पाऊस आला, पूर आला, वारा सुटला. पुढे काय झाले ते आपण लहानपणापासून देवळात ऐकत आलो आहोत. परंतु एक तिसराही माणूस असतो. त्याने घर बांधलेलेच नसते. ते त्याला आयते मिळालेले असते. ते खडकावर आहे की वाळूवर, हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक करून घ्यावे असे त्याला कधी वाटलेलेही नसते. आम्ही तिघे भाऊ हा तो तिसरा माणूस. आमचे वाळूजचे घर दुरुस्तीला काढले तेव्हा आम्हांला पहिल्यांदा कळले की आपण कशाखाली निजत होतो.

छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे आमच्या पिढीच्या जिभेवरून अजून न उतरलेल्या औरंगाबादहून, पुण्याच्या रस्त्याला लागले की छावणी मागे पडते, गोलवाडी येते, आषाढीला दिंड्या जमतात ते धाकटे पंढरपूर येते आणि मग वाळूज. आज वाळूज म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे औद्योगिक वसाहत उभी राहते. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला, त्यामागून लहानमोठ्या कारखान्यांची रांग लागली, आणि जिथे बाजरी-तूर पिकत होती तिथे पाळ्यांचे भोंगे वाजू लागले. परंतु वसाहतीच्या पलीकडे गंगापूर तालुक्यातले जुने वाळूज गाव अजून आहे. त्या गावाच्या कडेला, एके काळच्या गावकुसाबाहेर, आमचे पाच खणांचे माळवदाचे घर आहे.

ते आमच्या आजोबांनी १९५२ साली बांधले. आजोबा मिशनचे मास्तर होते. वैजापूर तालुक्यातल्या घोगरगावी १८९२ मध्ये संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या संघातील धर्मगुरूंनी मिशनकेंद्र उघडले. तिथल्या शाळेत आजोबा अक्षरे शिकले आणि पुढे खेड्यापाड्यांतून मुलांना धर्मशिक्षण देत हिंडले. बाप्तिस्मा झाला म्हणून गावाने आम्हांला पाणवठा खुला केला, असे झाले नाही. निजामाचे राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये संपले, तरी गावातली राज्ये तशीच राहिली. त्या काळी माळवदाचे घर पाटलाचे, कुलकर्ण्याचे, फार तर सावकाराचे. आमच्या वस्तीत कुडाच्या भिंती आणि पाचटाची छपरे. अशा वस्तीत मास्तरने माळवद घातले, याची चर्चा गावात बरेच दिवस चालली, असे आई सांगते. लाकूड नवे घेण्याची ऐपत नव्हती. गंगापूरकडचा एक पडका वाडा मोडीत निघाला होता, त्याच्या तुळया आणि खांब आजोबांनी बैलगाडीतून आणले. म्हणून आमच्या घरातल्या एका तुळईवर कमळ कोरलेले आहे आणि ते उलटे आहे; सुताराने तुळई ज्या बाजूने बळकट होती त्या बाजूने बसवली, फुलाकडे पाहिले नाही.

ज्यांनी माळवद पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या दांड्या, दांड्यांवर किलचनाच्या लहान लहान फळ्या दाटीने बसवलेल्या. त्यावर कडुनिंबाचा किंवा तरवडाचा पाला, आणि पाल्यावर पांढरी माती चांगली चोपून घातलेली. ही माती चिकट; ती पाणी धरत नाही, पन्हाळाकडे वाहून लावते. उन्हाळ्यात खाली गारवा, हिवाळ्यात ऊब. उजेडासाठी छपराला एक साणे, त्यातून दुपारी उन्हाचा कवडसा वेदीवरच्या पवित्र मरियेच्या तसबिरीवरून हळूहळू सरकत जाई. पण पावसाने थोडी माती दरवर्षी वाहून जाते, थोड्या भेगा पडतात. म्हणून मृग लागण्यापूर्वी प्रत्येक घराने माळवदावर नवी माती टाकायची, ही रीत. आम्हांला ते दिवस सणासारखे आठवतात. वडील वर, आम्ही शिडीवर, अक्का खाली घमेली भरून देणारी. वरून गाव दिसे, खाम नदीकडची झाडे दिसत. दरवर्षी एक थर. जुना थर काढावा, असे कुणी कधी म्हटले नाही. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, आम्ही टाकली. सत्तर वर्षे झाली.

जुलै २०२२ मधल्या एका रात्री, चार दिवसांच्या झडीनंतर, मागच्या खोलीचा कोपरा खाली आला. त्या कोपऱ्यातच आईची खाट असते. त्या घटकेला आई चुलीपाशी बसून जपमाळ म्हणत होती, कारण खोलीत गळत होते. सकाळी आम्ही तिघे जमलो तेव्हा खाटेवर कमरेइतका मातीचा ढीग होता आणि त्यातून किलचनाच्या फळ्या वर आल्या होत्या. आई म्हणाली, "यंदा माती टाकली न्हाई तुम्ही." तिचे म्हणणे असे की माती कमी पडली.

त्यानंतर जे महिने गेले ते सांगायला सुखाचे नाहीत, पण सांगितले नाहीत तर हा लेख खोटा ठरेल. आमच्यातले थोरले त्या घरात आईजवळ राहतात. ते म्हणाले, घर पाडू. दोन मजली स्लॅबचे बांधू, वर आठ खोल्या काढू, कारखान्यातल्या मुलांना भाड्याने देऊ. वाळूजमध्ये अर्धी वस्ती अशा खोल्यांवरच जगते. मधले पुण्याला स्थायिक झाले. ते म्हणाले, बांधायचे कशाला, रस्त्यालगतची जागा आहे, विकू आणि वाटून घेऊ. धाकट्यांचे म्हणणे, आई आहे तोवर काहीच करू नये. तिघांनीही आपल्या मताला आईचे नाव दिले. थोरल्यांना आम्ही लोभी म्हटले, हे आज लिहिताना लाज वाटते. आईची औषधे, घरपट्टी, विजेचे बिल, रात्री-अपरात्री दवाखाना, हे सारे त्यांनीच पाहिले होते. त्यांचे दोन्ही मुलगे कंत्राटी कामगार. कंत्राट सुटले की घरी. आठ खोल्यांचे भाडे हा त्यांचा लोभ नव्हता, भीती होती. पण प्रत्येक सणाला एकेक शब्द साचत गेला. कुणी वडिलांच्या आजारपणात किती दिले, कुणाच्या लग्नात किती खर्च झाला; जुने काही कमी करायचे नाही, वर नवे टाकायचे. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला आम्ही तिघे तीन बाकांवर बसलो.

अक्काला कुणी विचारले नाही. ती आमच्यापेक्षा वडील, श्रीरामपूरला दिलेली. विचारायचे कारण नाही असे आम्हांला वाटत होते, कारण वडील वारल्यावर २००९ मध्ये तिने हक्कसोडपत्रावर सही केली होती. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दहा मिनिटांचे काम. ती सकाळच्या एसटीने आली, सही केली, अंगठा दिला आणि संध्याकाळच्या एसटीने परत गेली. तिने विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. बहिणीने सही करायची असते, एवढेच दोन्ही बाजूंना ठाऊक होते.

तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, गवंडी. चाळीस वर्षे त्यांनी श्रीरामपूर-राहाता भागात घरे बांधली. २०२३ च्या राखेच्या बुधवारानंतर ते अक्काला घेऊन आईला पाहायला आले. कुणी बोलावले नव्हते. चहा घेतला, ओळंबा काढला आणि घराभोवती फिरले. भिंतींना ओळंबा लावला, खांबांना हातोडीने टिचक्या मारून कान दिला, मग शिडीने माळवदावर गेले आणि पहारीने एक खड्डा घेतला. पहार कोपरापासून वर, दंडापर्यंत आत गेली. खाली येऊन त्यांनी कोळशाने भिंतीवर हिशेब मांडला. खोली दहा फूट बाय पंधरा. मातीची जाडी दोन फूट. म्हणजे तीनशे घनफूट माती. घनफुटाला पंचेचाळीस किलो धरा. साडेतेरा हजार किलो. एका खोलीवर साडेतेरा टन. "भिंती चांगल्या आहेत," ते म्हणाले. "पाया चांगला आहे. घराला रोग नाही, ओझे आहे."

तेव्हा आम्हांला किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चार वाजायच्या थोडे आधी. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेत गेली. ती भूकंपाने गेली असे आपण म्हणतो. खरे तर त्यांतली बहुतेक आपापल्या घराखाली गेली. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती, आणि त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या थर चढलेले माळवद. जमीन काही सेकंद हलली. बाकीचे काम वरच्या ओझ्याने केले. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. पण जी असंख्य जुनी घरे उभी होती त्यांच्या डागडुजीसाठी जाणकारांनी जे सांगितले ते फार साधे होते: माळवदावरची माती कमी करा, भिंतीच्या दोन्ही अंगांना जोडणारे आरपार दगड घाला, कोपरे बांधून घ्या, खांब आणि तुळई यांच्यामध्ये तिरके आधार द्या. आमचे वडील त्या भूकंपानंतर महिनाभर अंगणात निजले. वर्तमानपत्रे त्यांनीही वाचली. आणि पुढच्या मे महिन्यात आम्ही सर्वांनी मिळून माळवदावर नवा थर टाकला.

दाजींच्या हिशेबाने भांडण मिटले नाही, पण त्याचे तोंड फिरले. घर पाडायला येणाऱ्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्यात ते सुधारता येणार होते. मागच्या अंगणात पत्र्याच्या दोन खोल्या काढून थोरल्यांच्या भाड्याचीही सोय होणार होती. मधल्यांनी पुण्याहून पैसे पाठवायचे कबूल केले, तेही बऱ्याच कुरकुरीनंतर. मजुरी वाचवण्यासाठी माती आपणच काढायची ठरली. ९ एप्रिल २०२३ रोजी पुनरुत्थानाचा सण झाला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही माळवदावर चढलो. पेन्टेकॉस्टपूर्वी, पन्नास दिवसांत, घर झाकायचे होते.

त्या दिवसांत धाकट्यांनी बायबलमधले नहेम्याचे पुस्तक आणून ठेवले होते. रात्री जेवणानंतर त्यातले थोडे वाचले जाई. बंदिवासातून परतलेल्या लोकांनी यरुशलेमचा पडलेला तट उभारल्याची ती हकीकत. तिसरा अध्याय म्हणजे नुसती नावांची यादी. उपासनेत तो फारसा वाचला जात नाही. पण ज्याच्या हातात घमेले आहे त्याला ती यादी कंटाळवाणी वाटत नाही. कुणी कोणता दरवाजा बसवला, कुणी आपल्या घरासमोरचा तट दुरुस्त केला, सोनारांनी केले, सुगंधी द्रव्ये करणाऱ्यांनी केले. तकोवाच्या प्रतिष्ठितांनी मात्र मान वाकवली नाही, हेही नोंदवून ठेवले आहे. आणि त्यात एक ओळ शल्लूमची आहे. तो अर्ध्या यरुशलेमचा अधिकारी, आणि त्याने आपला भाग आपल्या मुलींसह दुरुस्त केला, असे तिथे आहे. वाचणारा तिथे थांबला. अक्का भाकरीचे पीठ मळत होती. तिने वर पाहिले नाही. "पुढं वाच," एवढेच म्हणाली.

माती काढताना तिचे थर स्पष्ट दिसत. पांढऱ्याखाली काळपट, त्याखाली पिवळसर. मध्ये कुजलेल्या पाल्याची रेघ. एका थरात आमच्यापैकी कुणाची तरी काचेची गोटी निघाली, एका थरात सायकलीची गंजलेली तार. हाताहातांतून घमेली खाली येत. थोरल्यांचे मुलगे, पुण्याहून सुटीला आलेली नातवंडे, आणि मागच्या घरात भाड्याने राहणारी, बिहारमधून वसाहतीत कामाला आलेली दोन मुले. त्या मुलांना रात्रपाळी असे. सकाळी येऊन ती तासभर हात लावत आणि मग झोपायला जात. आपल्या गावीही मातीचीच घरे आहेत, असे ती सांगत. सर्वांत खालचा, आजोबांच्या हातचा थर लागला तेव्हा तो चार बोटांचाच होता, पण विटेसारखा घट्ट. दाजींनी तो हाताने चाचपला आणि म्हणाले, "मास्तरांना ठाऊक होते किती टाकायची."

भिंतींनीही आपली गोष्ट सांगितली. रस्त्याकडच्या भिंतीला १९८८ साली वडिलांनी सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. कारखान्यात नोकरी लागल्यावरची ती पहिली हौस. तो गिलावा फुगला होता. मातीची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि दोन्ही अंगांनी सोडते. बाहेरून सिमेंट लावले की ओल कोंडते आणि भिंत आतून, तळाशी, विरघळू लागते. वरून मात्र सारे गुळगुळीत दिसते. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये, असे प्रभू सांगतो. तो दाखला आम्ही उपवासाच्या संदर्भात ऐकला होता, तो गिलाव्यालाही लागू पडतो हे दाजींनी सिमेंटची खपली काढून दाखवले. आमच्या माळवदाची पांढरी माती चाळून, त्यात भुसा आणि शेण कालवून, आठ दिवस मुरवून तोच गिलावा भिंतीला केला आणि वर चुना दिला. उरलेली माती थोरल्यांच्या ओळखीच्या एका मळ्यात गेली.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात अवकाळी आली. त्या वर्षी मराठवाड्यात मार्च-एप्रिलमध्ये गारा आणि पाऊस यांनी शेतीची दाणादाण केली होती. आमच्या डोक्यावर त्या वेळी नुसत्या तुळया आणि दांड्या होत्या. दुपारी आभाळ काळे झाले. घरात आई, अक्का आणि मुले. आम्ही तिघेही चुना आणि विटांचे तुकडे आणायला गेलेलो. परत आलो तेव्हा पाऊस कोसळत होता आणि माळवदाच्या जागी ताडपत्री ताणलेली होती. तिच्या कडेला साठ वर्षांची आमची बहीण, पदर खोचून, तुळईवर पाय टाकून दोरीची गाठ आवळत होती. गारा अंगावर पडत होत्या. ती आम्हांला पाहून ओरडली, "बघता काय? दगड द्या कडेवर ठेवायला!" आम्ही दगड दिले. त्या घटकेला तिघांच्याही मनात एकच गोष्ट आली असेल, पण कुणी ती बोलले नाही: ज्या घरावर हिचे नाव नाही, ते भिजू नये म्हणून ही वर उभी आहे.

बोलली ती आई, आणि तेही दुसऱ्याच निमित्ताने. मधल्या खणाची तुळई, तीच उलट्या कमळाची, भिंतीत गेलेल्या टोकाला हातभर वाळवीने खाल्ली होती. मधले म्हणाले, काढून टाकू, लोखंडी गर्डर टाकू. आमच्या घरात त्या तुळईला 'आत्याची तुळई' म्हणतात. आम्ही समजत होतो की आजोबांच्या बहिणीचा पाळणा तिला बांधला असेल म्हणून. आई म्हणाली, "पाळणा कसला? ती मोडीत घ्यायला मास्तरांपाशी पैसे नव्हते. आत्यानं हातातल्या चांदीच्या पाटल्या मोडल्या. नवऱ्यानं टाकलेली बाई, तेवढ्याच होत्या तिच्यापाशी. पुढं दोन वर्षांनी गेली. तिचं या घरात काय हाय? नाव न्हाई, फोटू न्हाई. ती तुळईच हाय." मग थोडे थांबून, आमच्याकडे न पाहता म्हणाली, "बहिणीचं लाकूड चालतं या घराला."

त्या रात्री नहेम्या वाचला गेला नाही. थोरल्यांनी ट्रंकेतून कागद काढले. मधल्यांनी पुण्याच्या एका वकील स्नेह्याला विचारून घेतले, आणि जे कळले ते आमच्यासारख्या शिकलेल्या ख्रिस्ती कुटुंबाला २००९ मध्येच ठाऊक असायला हवे होते. आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर त्याच्या विधवेला एक तृतीयांश. उरलेले दोन तृतीयांश मुलांना सारखे, त्यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. म्हणजे वडिलांमागे आईचा हिस्सा एक तृतीयांश आणि आम्हा चार भावंडांचा प्रत्येकी एक षष्ठांश. कायद्याने आम्हांला जे शिकवले होते ते आम्ही रीत म्हणून एका सहीने पुसून टाकले होते, आणि देवळात मात्र ख्रिस्तामध्ये स्त्री-पुरुष भेद नाही असे संत पौलाचे वचन ऐकत होतो.

आई दुसऱ्या दिवशी म्हणाली, "माझ्यातलं अर्धं अक्काच्या नावानं करा." थोरल्यांनी कोळशाने तिथेच, दाजींच्या साडेतेरा टनांखाली, हिशेब मांडला. एक तृतीयांशाचे अर्धे म्हणजे एक षष्ठांश. जेवढे गेले होते, बरोबर तेवढेच परत आले. आईला अपूर्णांक येत नाहीत. अक्का तीन दिवस नको म्हणत होती. तिला भीती होती की माहेर तुटेल. चौथ्या दिवशी थोरलेच तिला म्हणाले, "अक्का, तू नाव लाव. तुझ्याशिवाय हे घर आता आम्हांला झेपायचं नाही." बक्षीसपत्र नोंदले गेले, आम्ही तिघांनी साक्षीच्या सह्या केल्या, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये तिचे नाव चढले.

हिशेब बरोबर आला, तरी तो पुरा झाला असे आम्ही म्हणणार नाही. जे परत गेले ते आईच्या पदरचे गेले. आमच्याकडे जे जास्तीचे आले होते ते अजून आमच्याकडेच आहे. देण्याचे पुण्य आईने घेतले आणि आम्हांला साक्षीदाराची जागा मिळाली. याची बोच तिघांनाही आहे, आणि ती बोथट होऊ नये म्हणूनच हे लिहून ठेवले आहे.

असिसीच्या फ्रान्सिसची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. संत दामियानोच्या पडक्या देवळात क्रूसावरच्या ख्रिस्ताने त्याला आपले घर दुरुस्त करायला सांगितले, आणि तो भोळा तरुण दगड मागायला निघाला. पुढचे चरित्रकार सांगतात की प्रभूला अभिप्रेत होती ती साऱ्या ख्रिस्तसभेची दुरुस्ती; फ्रान्सिसला ते नंतर उमगले. आम्हांला वाटते, त्याने आधी दगड वाहिले म्हणूनच ते उमगले. पॅरिसचे नोत्र दाम १५ एप्रिल २०१९ च्या आगीत होरपळले, तेव्हा त्याचे छप्पर काच-पोलादाचे करावे असेही सुचवले गेले होते. शेवटी हजारो माणसांनी, ओकच्या तुळया जुन्या पद्धतीने कुऱ्हाडीने तासून, ते होते तसे उभे केले आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याची दारे उघडली. कुठे ते महामंदिर, कुठे आमचे पाच खण. पण लाकूड तासणाऱ्याला पूर्वीच्या सुताराशी जे बोलावे लागते, ते सगळीकडे सारखेच असावे.

आत्याची तुळई राहिली. "डोके कुजले आहे, छाती शाबूत आहे," असे म्हणून दाजींनी तिचे कुजके टोक कापले आणि तिच्याखाली दगडी उथळ्यावर सागाचा नवा खांब दिला. खांब आणि तुळया यांना तिरके आधार बसले, कोपरे बांधून झाले. किलचनावर जाड प्लास्टिकचा कागद आणि वर चुना-विटांच्या तुकड्यांचा चार इंचांचा कोबा, पन्हाळाकडे उतार देऊन. दाजींच्या हिशेबाने एका खोलीवरून अकरा टन ओझे उतरले. आईसाठी आत न्हाणीघर झाले, ओट्याला पायरीऐवजी उतार झाला, मागे दोन खोल्या झाल्या. साणे होते तिथेच ठेवले, त्यावर काच बसवली. २८ मे रोजी, पेन्टेकॉस्टच्या संध्याकाळी, धर्मगुरूंनी येऊन घराला आशीर्वाद दिला. पवित्र पाणी शिंपडत ते मधल्या खणात आले आणि नव्या खांबाला अडखळले. तो खांब वाटेतच आहे. त्याला वळसा घालूनच वेदीपाशी जावे लागते. पाहुणे विचारतात, हा इथे कशाला? मग आत्याची गोष्ट सांगावी लागते. तिचे नाव मात्र आईलाही ठाऊक नाही. सगळे तिला आत्याच म्हणत.

त्यानंतर आजवरच्या पावसाळ्यांत घर गळले ते एकाच जागी, साण्याच्या कडेला, आणि तेही थोडे. पहिल्या वर्षी मे महिना आला तशी आई अस्वस्थ झाली. माती कधी टाकता, असे विचारू लागली. नाही टाकायची, असे सांगितल्यावर तिचे समाधान झाले नाही. सत्तर वर्षांची रीत मोडल्यासारखे तिला वाटले. म्हणून आता आम्ही मेमध्ये जमतो आणि माळवदावर चढतो, पण टाकायला नव्हे. साचलेला पाचोळा, कारखान्यांकडून आलेली धूळ, पन्हाळात अडकलेली चिंध्या-प्लास्टिके काढायला. तासाभराचे काम असते. काम झाल्यावर तिथेच बसून, खाली उतरण्यापूर्वी, वर्षभरात एकमेकांविषयी जे मनात साचले असेल ते बोलून टाकायचे, असा नियम अक्काने घातला आहे. पहिल्या वर्षी कुणी काही बोलले नाही. गेल्या वर्षी मधले पाच मिनिटे बोलले आणि थोरले ऐकत राहिले.

अक्का श्रीरामपूरहून सकाळच्याच एसटीने येते. आता ती संध्याकाळच्या एसटीने परत जात नाही. चार दिवस राहते. आपल्या घरात.